डबा फिरवण्याआधी एक फोन

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं. त्याआधी अनिल अवचट यांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखन केलं होतं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि अशा मुलांसाठी काही उभं राहणार असेल तर एक लाख रुपये द्यायची तयारी त्यांनी दाखवली. लाख ही त्या काळी फार मोठी रक्कम. पण मुक्तांगण नुसत्या लाखावर उभं राहिलेलं नाही. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. उपचार कसे करायचे, कुठे करायचे आणि त्यासाठी काय काय लागेल, हे जाणणारी व्यक्ती पैशाच्या आधी तिथे हजर होती. व्यसनी माणसांसाठी पैसे जमवायला निघणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

विरार पूर्वेला जीवदानीच्या डोंगराखाली, पापडखिंड धरणाच्या बाजूला पसरलेल्या फुलपाड्यात नववी ते बारावीची मुलं काही थोडीथोडकी नाहीत. गणपती, दहीहंडी, नवरात्र आलं की पावतीपुस्तक घेऊन घरोघर जाणं, मंडपाच्या कामाला हात लावणं, हिशोब जुळवणं हे त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. व्यसनात अडकलेल्या माणसांसाठी काही करावं असं या मुलांच्या मनात आलं, तर उमेद कुठून बाहेरून आणायला नको. मार्ग मात्र नीट आखायला हवा. मंडपासाठी वर्गणी काढणं आणि व्यसनमुक्तीसाठी पैसे जमवणं यात फरक आहे. दुसरं काम जास्त नाजूक आहे, कारण ज्याच्यासाठी पैसे गोळा होतात तो माणूस बहुधा त्याच गल्लीत राहतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. व्हाइटनर, पातळ रसायनं यांसारखे हुंगायचे पदार्थ वापरण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा लहान मुलांत आणि किशोरवयीनांत जास्त आढळलं. सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा उपचारांचा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मागे एक. बाकीचे का पोचत नाहीत? लाज हे एक कारण. कुठे जायचं ते माहीत नसणं हे दुसरं. आणि पैसा हे तिसरं. मुलांनी जमवलेले पैसे या तिसऱ्या कारणावर उपयोगी पडू शकतात, आणि ते जमवताना मुलं जे बोलतील ते दुसऱ्यावर.

म्हणून डबा, पेटी, बॅनर, टी-शर्ट यांतलं काहीही ठरवण्याआधी एक फोन करायचा. तो एखाद्या शिक्षकाच्या किंवा पालकाच्या सोबतीने, व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेला करायचा. फुलपाड्याच्या मुलांना त्यासाठी पुण्यापर्यंत जायची गरज नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं केंद्र वसईतच आहे. विरारहून लोकलने वसई रोडला उतरून तिथे जाता येतं. फादरना या कामासाठी २००९ साली पद्मश्री मिळाली. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. व्यसनांविरुद्ध प्रचाराचं काम राज्यभर करणारं नशाबंदी मंडळ आहे. तंबाखूबाबत शाळकरी मुलांसोबत काम करणारं सलाम मुंबई फाउंडेशन २००२ पासून आहे. प्रत्येकाची गरज वेगळी, पैसे घ्यायची पद्धतही वेगळी.

फोनवर काय विचारायचं? एका माणसाच्या उपचारांचा खर्च किती येतो आणि त्यातला किती तो स्वतः देतो. ज्याला काहीच देता येत नाही त्याचं काय होतं. संस्थेला नेमकी कशाची चणचण आहे: औषधं, जेवण, अंथरूण-पांघरूण, की समुपदेशकाचा पगार? पैशाऐवजी वस्तू चालतील का? मुलांनी आपल्या उपक्रमात संस्थेचं नाव वापरलेलं चालेल का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला मुलं बिचकतात पण विचारायलाच हवा: संस्था मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेली आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकारांचाही समावेश आहे. त्यामुळे माणसांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते, आणि तिथे कुणाला साखळदंडाने बांधणं हा कायदेभंग ठरतो. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात. जी संस्था प्रश्न टाळते आणि लगेच खाते क्रमांक पाठवते, तिला पैसे देऊ नयेत.

उत्तरं आली की मुलांना कळतं की उपचार म्हणजे एका इंजेक्शनचं काम नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली की हात थरथरतात, झोप उडते, काहींना भास होतात, फिट येते. वैद्यकीय देखरेख नसेल तर जीवही जाऊ शकतो. त्यामुळे घरात कोंडून ठेवून दारू सोडवण्याचा सल्ला कुणी दिला तरी मानू नये. सुरुवातीचे हे दिवस डॉक्टर आणि औषधांचे. पुढचे आठवडे बोलण्याचे, गटात बसण्याचे, नियमित उठण्या-जेवण्याचे. मुक्तांगणात दाखल होणाऱ्याचा मुक्काम ३५ दिवसांचा असतो. तिथे त्याला रुग्ण म्हणण्याऐवजी रुग्णमित्र म्हणतात.

आणि खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. नाका तोच, मित्र तेच, पगाराचा दिवस तोच. फॉलोअपला येत राहिला तर माणूस टिकतो, नाहीतर अनेकदा पुन्हा घसरतो. इथे लहान रकमा फार मोठं काम करतात. रोजंदारीवरच्या माणसाला फॉलोअपच्या दिवशी मजुरी बुडवून, भाडं खर्चून यावं लागतं. तो महिनाभर दाखल असताना घरात कमाई नसते आणि मुलीची शाळेची फी थकते. शाळकरी मुलांच्या गटाने इमारत बांधून द्यायची नाही. ‘सहा जणांचा सहा महिन्यांचा फॉलोअपचा प्रवासखर्च’ असं उद्दिष्ट ठेवावं. ते सांगायला सोपं, पुरं करण्यासारखं, आणि देणाऱ्यालाही आपले पैसे कुठे गेले ते लगेच कळतं. ही रक्कम अर्थात संस्थेमार्फतच जावी. व्यसनी माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हातात मुलांनी कधीही रोख पैसे देऊ नयेत.

एक गट मात्र असा आहे की त्याच्यासाठी पैसे जमवले तर तो ते घेणारच नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट. विरार-वसई पट्ट्यात आणि मुंबईत ज्यांच्या घरी दारू सुटली आहे त्यांच्यापैकी अनेकांनी या गटाच्या बैठकांचा आधार घेतलेला असतो. अमेरिकेत १९३५ साली दारूच्या व्यसनात अडकलेल्या दोन माणसांच्या भेटीतून हा गट सुरू झाला. १९३८ मध्ये त्याचे लोक धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्याकडे मदतीसाठी गेले. त्यांनी पाच हजार डॉलर दिले, पण जास्त पैसा या कामाचं नुकसान करेल असं मत नोंदवलं. पुढे एएने बाहेरच्या देणग्या न घेण्याचा नियमच केला. बैठकीला येणारे सदस्य जे स्वेच्छेने देतील त्यावर चहाचा आणि जागेचा खर्च भागतो. त्यामुळे एखाद्या मुलाच्या वडिलांची दारू एएमुळे सुटली असेल आणि त्याला कृतज्ञता म्हणून काही करायचं असेल, तर पैसे उपचार केंद्राला द्यावेत. एएसाठी बैठकीची जागा आणि वेळ गरजूंपर्यंत पोचवणं हीच मदत.

आता पैसे कसे जमवायचे. मराठी शाळांत स्काउट-गाइडच्या मुलांना ‘खरी कमाई’ ठाऊक असते. काम करायचं, त्याचा मोबदला घ्यायचा आणि तो चांगल्या कारणासाठी द्यायचा. व्यसनमुक्तीसाठी ही पद्धत वर्गणीपेक्षा कितीतरी बरी. नुसती वर्गणी मागितली की समोरचा विचारतो, “दारुड्यांना कशाला पैसे द्यायचे?” काम करून मागितलं की प्रश्न विचारायच्या आधी तो रद्दी बाहेर काढून देतो.

रद्दीच घेऊ. फुलपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतींना बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे वर्षभराची वर्तमानपत्रं पलंगाखाली साचलेली असतात, आणि खाली आणून द्यायला कुणी नसतं. दोन इमारती ठरवायच्या. सेक्रेटरींची परवानगी घेऊन आठवडाभर आधी जिन्याखालच्या फलकावर हाताने लिहिलेला कागद लावायचा: रविवारी सकाळी नऊ ते बारा रद्दी गोळा करायला मुलं येतील, पैसे कुणाला जाणार, सोबत कोण मोठं माणूस असेल. रद्दीवाल्याशी भाव आधीच ठरवून ठेवायचा आणि वजन त्याच्या काट्यावर आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायचं. वर्तमानपत्रं, पुठ्ठा आणि वह्या वेगळ्या बांधायच्या, कारण तिघांचा भाव वेगळा. जुन्या वहीत कोरी पानं असतील तर ती फाडून ठेवायची, कामाला येतात. समजा भाव किलोला बारा रुपये मिळाला आणि दोन इमारतींतून तीनशे किलो निघाली, तर ३,६०० रुपये झाले. तीन महिन्यांतून एकदा केलं तर वर्षाचे चौदा हजारांवर. प्रत्येक घरातून किती किलो आली ते वहीत लिहून त्या घराला कागद द्यायचा. पुढच्या वेळी तेच घर रद्दी बांधून तयार ठेवतं.

दुसरा मार्ग सोडण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात २००७ साली फेबफास्ट नावाचा उपक्रम सुरू झाला. फेब्रुवारी महिनाभर दारू सोडायची, मित्रांनी त्यासाठी पैसे लावायचे, आणि ते पैसे दारू-ड्रग्जच्या अडचणीत सापडलेल्या किशोरवयीनांच्या मदतीला जातात. पुढे साखर सोडण्याचा पर्यायही आला. आपल्याकडे तर श्रावण आहेच. घरातले मोठे श्रावण पाळतात, तेव्हा मुलांनी महिनाभर थंड पेयं आणि पाकीटबंद खाणं सोडावं आणि काका-मामा-आत्यांनी दिवसाला पाच-दहा रुपये त्यावर लावावेत. यात आणखी एक होतं. अठराव्या दिवशी शाळेसमोरचं दुकान बघून जीभ चाळवते, तेव्हा सोडणं म्हणजे काय याची थोडी चुणूक त्या मुलाला मिळते. व्यसनी माणसाकडे तुच्छतेने बघण्याची सवय मोडायला ती उपयोगी पडते.

३१ डिसेंबरला अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि इतर संघटना अनेक गावांत ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ असं म्हणत दूधवाटप करतात. सोसायटीच्या आवारात त्याच रात्री मसाला दूध देऊन देणगी मागता येईल. पण खाद्यपदार्थांची नियमित विक्री करायची तर अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी आड येते, त्यामुळे सुरुवात कंदील, भेटकार्ड, पणत्या यांनी करावी. धावण्याची आवड असलेल्यांसाठी मुंबई मॅरेथॉनचा दाखला आहे. २००४ पासून चालणाऱ्या या शर्यतीत हजारो लोक एखाद्या संस्थेसाठी निधी जमवत धावतात. वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉनही २०११ पासून सुरू झाली. आपण धावतोय ते कुठल्या केंद्रासाठी, हे शेजाऱ्यांना सांगून किलोमीटरमागे ठराविक रक्कम मागायला काहीच हरकत नाही.

नियमांकडे वळू. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण यातली चूक मुलांच्या नव्हे, पालकांच्या अंगाशी येते.

सार्वजनिक ठिकाणी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. नोंदणी नसलेली गणेश मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात, त्यामुळे गल्लीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना ही प्रक्रिया माहीत असते. सोपा उपाय असा: मुलांनी स्वतःच्या गटाच्या नावाने पैसे गोळाच करू नयेत. नोंदणीकृत संस्थेच्या संमतीने, तिच्या पावतीपुस्तकावर किंवा तिच्या खात्याच्या क्यूआर कोडवर थेट पैसे यावेत. कुणा मुलाच्या आईच्या मोबाइलचा क्यूआर कोड छापणं सोयीचं वाटतं, पण तिथून हिशोबाचा घोळ आणि संशय दोन्ही सुरू होतात. रोख आलीच तर दोन मोठ्या माणसांसमोर मोजून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे मोठी रक्कम देणाऱ्याला आधी सांगावं. देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यावा. निनावी देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर संस्थेला कर बसू शकतो.

विरार स्टेशनवर गर्दी मोठी, म्हणून तिथे किंवा लोकलच्या डब्यात पेटी फिरवायचा मोह होईल. तो टाळावा. विनापरवाना विक्री आणि भीक मागणं यांना रेल्वे कायद्याच्या कलम १४४ ने मनाई आहे, आणि पेटी घेतलेल्या मुलाला पोलिसांनी अडवलं तर हेतू समजावण्यातच दिवस जाईल. रस्त्याकडेला टेबल मांडायचं असेल तर महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी विचारावं. वसई-विरारच्या बऱ्याच घरांतली माणसं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांच्यापैकी ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्याचे पैसे घ्यायला संस्थेकडे विदेशी योगदान कायद्याची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मामाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ही अडचण नाही.

कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत हेही आधी ठरवावं. बिअर शॉप, वाइन शॉप, पानमसाल्याची जाहिरात करणारा प्रायोजक, कितीही आग्रह झाला तरी नको. सोळा वर्षांच्या मुलाच्या टी-शर्टवर व्यसनमुक्ती आणि खाली पानमसाल्याचं नाव हे चित्र कुणालाही पटणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर इच्छुक उमेदवार मोठा फलक लावून देतो म्हणाला, तर त्यालाही नम्रपणे नाही म्हणावं.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे नाव. पैसे पटकन जमतात ते एखाद्याची करुण कहाणी सांगितली की. ‘आपल्या चाळीतल्या अमक्याचा मुलगा एमडी ड्रगच्या नादी लागला, त्याला वाचवा’ असा फोटोसकट मेसेज फिरवला तर एका संध्याकाळात रक्कम उभी राहील, आणि तो मुलगा बरा होऊन आल्यावर त्याला फुलपाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कायदाही इथे स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कलम २४ नुसार त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. संमती दिली तरी मुलांनी ती वापरू नये. नुकत्याच दाखल झालेल्या, उपकाराखाली दबलेल्या माणसाच्या संमतीला फार अर्थ नसतो. केंद्रात कशी दिनचर्या असते, ३५ दिवसांत काय होतं, प्रवासाला किती लागतात, एवढं सांगितलं तरी ऐकणारा पैसे देतो. त्याला नाव कशाला हवं?

शब्दही सांभाळावेत. फलकावर ‘दारुड्यांना मदत करा’ असं लिहिलं तर ज्याला मदतीची गरज आहे तोच त्या फलकाला वळसा घालून जाईल. कवट्या, हाडं, गळफास यांची चित्रं नकोत.

या गटात दहा-बारा मुलं असतील तर त्यांच्यात एखादं तरी असं असू शकतं की ज्याच्या घरात रात्री बाटली फुटते. ते बोलणार नाही, आणि कुणी त्याला बोलतं करण्याचा प्रयत्नही करू नये. कदाचित तेच सगळ्यात जास्त रद्दी वाहून आणेल. अशा मुलांसाठी जगात एक रचना आहे आणि ती एका मुलानेच सुरू केली. १९५७ साली कॅलिफोर्नियात एका सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याचे वडील एएमध्ये आणि आई दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनमध्ये होती, दारूच्या घरात वाढणाऱ्या मुलांसाठी अ‍ॅलाटीन सुरू केलं. गटासोबत असलेल्या शिक्षकांनी अल-अ‍ॅनॉन आणि अ‍ॅलाटीनची माहिती सगळ्यांना एकत्र, सहज सांगून ठेवावी. ज्याला हवी तो घेईल.

मुलांनी काय करू नये हेही पालकांनी स्पष्ट सांगावं. नशा करणाऱ्यांच्या अड्ड्याकडे पाहणी करायला जायचं नाही. कोण विकतो त्याचा शोध घ्यायचा नाही. ते पोलिसांचं काम आहे. माहिती असेल तर मोठ्यांनी अमली पदार्थविरोधी हेल्पलाइन १९३३ वर कळवावी. कुणाला समजावून व्यसन सोडवायचा प्रयत्न करायचा नाही. सोळाव्या वर्षी एखाद्याचं समुपदेशन अंगावर घेतलं आणि तो माणूस पुन्हा प्यायला लागला, तर ते ओझं मुलाला झेपत नाही. केंद्राच्या भेटीला गेलात तर केंद्र सांगेल त्या वेळी, सांगेल तिथेच बसायचं आणि मोबाइल बाहेर काढायचा नाही.

पैसे संस्थेकडे पोचल्यावर काम संपलं असं समजू नये. ज्या इमारतींतून रद्दी आली त्यांच्या फलकावर महिन्याच्या आत हिशोब लावावा: किती किलो, काय भाव, एकूण किती, गाडीभाडं गेलं असेल तर किती, संस्थेच्या पावतीचा क्रमांक कोणता. खर्च झाला तर लपवू नये, लोक समजून घेतात. सहा महिन्यांनी संस्थेला पुन्हा विचारावं की सहा जणांपैकी किती फॉलोअपला येत राहिले. उत्तर ‘दोन’ असं आलं तरी तेही फलकावर लावावं. घसरलेला माणूस अनेकदा परत येतो, आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी पुढची रद्दी गोळा करावी लागते.

त्याच कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक लिहावा: १४४४६. फोन नि:शुल्क आहे.